तुळईवरची सोंदुस

महदिया, ट्युनिशिया, १२ ऑक्टोबर १९८६

चि. मुन्सिफ यास ताईचे अ. आ.

सोंदुससाठी पाठवलेला कोट पोचला. तुझी लेक सात वर्षांची आहे रे, सतरा नव्हे!

तुला न विचारता एक गोष्ट केली. तिला युवक केंद्रात बहीजाबाईंच्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घातलं. लतीफा गेल्यापासून आईविना पोर दोन वर्षं खिडकीत बसून होती, ते मला बघवेना. बाईंनी पहिला महिनाभर फक्त पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीशी घ्यायची, हात कुठे ठेवायचे, असं सगळं. आता रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोपते, सकाळी बसीसाच्या भाजल्या पिठाची दुसरी वाटी मागते. शाळेत तोंड न उघडणारी मुलगी बाईंच्या वर्गात मोठ्यानं आकडे म्हणते. काल स्वयंपाकघरात कोलांटउडी मारून ऑलिव्हचं भांडं सांडलंन. मी ओरडले, मग आत जाऊन रडले. किती दिवसांनी घरात आवाज झाला!

लोभ असू दे. रागवायचं तर पुढच्या पत्रात रागव.
तुझी झोहराताई

मार्सेय, फ्रान्स, २ नोव्हेंबर

ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.

मुलीच्या जातीनं उलटं लटकायचं? हातपाय मोडला तर उद्या तिला कोण करून घेईल? तू म्हणशील, तुझ्यासारखा एखादा गाढव भेटेलच. तू पत्रासोबत पाठवलेला फोटो पाहिला. तोल सांभाळायच्या त्या लाकडी तुळईवर हात पसरून उभी आहे, अगदी लतीफासारखी ओठ चावून. पोटऱ्या मात्र आपल्या अब्बांच्या, जाळी ओढणाऱ्या माणसाच्या! गोदीत सगळ्यांना दाखवला. जाऊ दे तिला, पण उंच बारवर चढवू नका.

कळावे, माया आहेच.
मुन्सिफ

महदिया, ८ फेब्रुवारी १९८७

चि. मुन्सिफ यास अ. आ.

सोंदुस हल्ली तुळईवरून सारखी पडते. मी तिला आळशी म्हटलं, परत परत चढायला लावलं. काल बहीजाबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हा आळस नाही, ती गादीवरून उठते कशी ते नीट बघा. मी पाहिलं. हात गुडघ्यांवर ठेवते, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहते. बाई म्हणाल्या, वीस वर्षं मुलांचे पाय बघतेय, त्या भरलेल्या पोटऱ्यांत ताकद नाही, डॉक्टरांना दाखवा. गुरुवारी तिला ट्यूनिसला नेते आहे.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मला खोटं लिहिता येत नाही.
तुझी ताई

मार्सेय, २६ फेब्रुवारी

ताईस,

टपालकचेरीतून तू फोनवर पोरीचा आजार सांगितलास, तेव्हा मी फोन ठेवून दिला. आता लिहितो. तुमच्या त्या उड्यांनी माझी पोर खाल्ली. तिला पुन्हा तिथे नेलंस तर माझ्याशी नातं ठेवू नकोस.
मुन्सिफ

महदिया, १५ मार्च

चि. मुन्सिफ यास अ. आ.

दोन आठवडे तुझं ऐकलं. आता माझं ऐक.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की हा आजार रक्तातून आलाय, आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून. स्नायू हळूहळू झिजत जातात आणि औषध नाही. उड्यांनी काही झालेलं नाही. उलट ते म्हणाले, बाईंची नजर नसती तर आम्हाला वर्षभर उशिरा कळलं असतं. लतीफा आपल्या मामाची मुलगी, एकाच रक्ताची, आणि ते लग्न मी जुळवलं. दोष द्यायचाच तर मला दे, पोरीची शिक्षा थांबव. हो, शिक्षाच. भिंतीकडे तोंड करून पडून असते, वाटी तशीच परत येते. परवा मला विचारलंन, मी काय वाईट केलं म्हणून तुम्ही मला काढलं?

डॉक्टर म्हणतात, दमवू नका, पण अंग ताणणं आणि हलकी हालचाल तिच्या भल्याचीच आहे. म्हणून काल तिला घेऊन गेले. बाईंनी तुळई काढून जमिनीवर ठेवली होती. त्यांचं बोट धरून सोंदुस तीन पावलं चालली. मागे आठ मुली रांगेत उभ्या होत्या, एकीनंही घाई केली नाही.

नातं ठेव न ठेव, मी तुझी ताईच राहणार.
झोहरा

मार्सेय, ५ एप्रिल

ती. ताईस सलाम, वि. वि.

लग्न तू जुळवलंस असं तुला वाटतं. सतराव्या वर्षापासून मी गच्चीवरून लतीफाकडे बघत होतो. तेव्हा ते ओझं खाली ठेव. मी लिहिलं ते विसरता आलं तर विसर.

काम सोडलं. वीस तारखेच्या बोटीनं निघतोय. बहीजाबाईंना विचार, पाय कसे ताणायचे ते मला शिकवतील का. सोंदुससाठी काय आणू?
मुन्सिफ

महदिया, १४ एप्रिल

चि. मुन्सिफ यास अ. आ.

काही आणू नकोस. बाई म्हणाल्या, शिकवीन, पण बापानं नखं कापून यावं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तू दारात येशील तेव्हा ती जमिनीवर बसलेली असेल. उठायला तिला वेळ लागेल. आधी गुडघे, मग मांड्या. तुला वाटेल धावत जाऊन उचलावं. उचलू नकोस. तू आल्यावर आपली आपण उठून तुझ्यापर्यंत चालत यायचं, असं तिनं ठरवलंय. दारापर्यंत अकरा पावलं आहेत, तिनं मोजलीत. वाटेत पडली तरी कसं पडायचं ते तिला येतं.

तू तिथेच उभा राहा. रडू आलं तर येऊ दे, पण पाय हलवू नकोस.

वाट पाहते.
तुझी ताई