सात आसनी गाडी, एक जागा शिल्लक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, धंदा अपघातात सापडलेल्या मोटारींची पाहणी करून विमा कंपनीला अहवाल देण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणाही हयात व्यक्तीचा माझ्यावर दबाव नाही. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार होईनात, म्हणून ही घाई. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळ्यांशी फारच गोड वागलो होतो.

१. राहतं घर आतल्या सामानासकट माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला द्यावं. घरात तिला टिटवी म्हणतात, कारण लहानपणी ती एकदा सुरू झाली की थांबत नसे. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि तिचे वडील गेल्यापासून घरात कामापुरतंच बोलते. टिटवे, स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो, हे नव्या माणसाला सांगावं लागेल. नवं माणूस घरात आणावंस अशी इच्छा आहे. अट नाही.

२. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. माझ्या मावसभावाला यातलं काही देऊ नये. वडील अंथरुणाला खिळले असताना तो एकदा येऊन गाडीची तब्येत विचारून गेला. वडिलांची विचारायची राहिली.

३. पाने, पकडी आणि लोखंडी ट्रंकेतली बाकीची हत्यारं शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना द्यावीत. जॅक शोधू नये. तो त्यांच्याकडेच आहे. कित्येक वर्षं "उद्या आणून देतो" म्हणताहेत. आता नका आणू म्हणावं.

४. गाडीचा जुना रबरी भोंगा माळ्यावर आहे. तो समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना माझ्याकडून सप्रेम. त्यांनी त्याच्याविरुद्ध इतके अर्ज लिहिले, की त्याच्यावर त्यांचाच हक्क पोचतो.

५. आता गाडी.

जाहिरात मीच दिली होती: "विकणे आहे. जुनी टूरर मोटार, कापडी टपाची, सात आसनी. एकाच कुटुंबाने वापरलेली, उत्तम राखलेली. मूळ रंग, मूळ चामडं." यात एक शब्द खोटा नाही. "अजूनही वापरात" असं जोडायला हवं होतं, पण छापणारा शब्दांवर पैसे घेतो.

गाडीत पुढे दोन जागा आहेत, मधे दोन घडीच्या खुर्च्या आणि मागे तिघांचं बाक. मागच्या बाकावर डावीकडे आई बसते, उजवीकडे आत्या आणि मधे वडील. हयातीत वडील गाडी चालवत. आता त्यांना मधे बसावं लागतं, कारण एका शिलाई मशीनवरून त्या दोघींचं बोलणं बंद झालं ते बंदच आहे. तिघांनाही जाऊन बरीच वर्षं झाली. तिघंही आपापल्या अंथरुणात, रीतसर गेली. पुढच्या दोन जागा त्यांनी हयात माणसांना सोडल्या आहेत.

वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली असेल. माझ्याही पडली होती. पण दिसलं तेवढंच लिहायचं, यावर मी आयुष्यभर पोट भरलं आहे, तेव्हा दिसलं ते लिहितो. एकेक माणूस गेलं तसतसं बाकावरचं चामडं त्या त्या जागी दबलं आणि पुन्हा वर आलं नाही. गाडी रिकामी उभी असताना मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. मिस्त्रींनी नव्या घातल्या, त्याही तेवढ्याच बसल्या. "माल कुठं भरलाय का हो?" असं त्यांनी गाडीखालून विचारलं. मी नाही म्हटलं. बाजारातून जाताना भांड्याच्या दुकानापाशी गाडी डावीकडे कलायची. आई तिथे नेहमी वाकून बघत असे.

जाहिरात वाचून पहिल्यांदा दंतवैद्य आले, बायको आणि दोन दांडगे मुलगे घेऊन. मी म्हटलं, "बसा ना, ऐसपैस बसा." चौघं पुढच्या दोन जागांवर एकमेकांच्या अंगावर कोंबून बसले. मागे कोणी वळूनही पाहिलं नाही. एक फेरी मारून आल्यावर दंतवैद्य बायकोच्या पर्सखालून आपला हात सोडवत म्हणाले, "गाडी झकास आहे हो, पण आमच्या कुटुंबाला जागा कमी पडते." त्यांच्या पाठीमागे पाच आसनं होती. बाईंनी उतरताना मागे बघून "येते हं" म्हटलं, आणि आपण कोणाला म्हटलं ते आठवेना म्हणून फाटकापर्यंत वळून वळून बघत गेल्या.

गाडी विकली गेली नाही, तरी इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. आपलीच माणसं, त्यात पेट्रोलही मागत नाहीत.

गेल्या वर्षी भाऊ गेला. मधल्या दोन खुर्च्यांपैकी उजवीकडची त्याच आठवड्यात उघडलेली सापडली. ही खुर्ची उघडायला दोन हात आणि थोड्या शिव्या लागतात. तिच्या चामड्यावर खड्डा पडला, स्प्रिंगा आणखी बोटभर खाली गेल्या. मी मनात म्हटलं, चला, हाही पोचला.

मग डावीकडची उघडली.

त्या खुर्चीवर खड्डा नव्हता. मी ती मिटली, ती परत उघडली. शेवटी पट्ट्याने आवळून बांधली. सकाळी पट्टा बाकावर गोल गुंडाळून ठेवलेला होता, टोक आत खोवलेलं, वडील आपला कमरेचा पट्टा गुंडाळत तसा. त्या दिवसापासून गाडी सुरू होत नाही. इंजिनात दोष नाही, हे मिस्त्री आणि मी दोघंही लिहून द्यायला तयार आहोत. आमच्या घरची पद्धत अशी, की सगळे बसल्याशिवाय गाडी हलायची नाही. वडील "आले का सगळे?" विचारायचे आणि कोणी चपला शोधत असलं तर हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायचे.

कोणाची वाट बघताहेत, ते मला टिटवीमुळे कळलं. ती दुपारी दुकानातून जेवायला येते. जेवण तसंच राहू लागलं. एकदा घरामागच्या आमच्या गॅरेजमध्ये बघायला गेलो, तर ही त्या डाव्या खुर्चीवर, बापाच्या शेजारी.

"काय करतेस गं इथे?"

"बसलेय."

"हात बघ, बर्फ झालाय नुसता. चल, आत चल."

"काका, इथे बरं वाटतं. बाबा म्हणतात, घाई नाही, सावकाश ये."

मी विचारलं, "आणि बाकीचे काय म्हणतात?"

"आजोबा सारखं विचारतात, आले का सगळे."

तिने आजोबांना पाहिलेलं नाही. ती जन्मायच्या आधीच ते गेले. त्या दिवशी ती उठली तेव्हा चामड्यावर पुसटसा खड्डा होता. संध्याकाळपर्यंत तो भरून आला. पुढे पुढे सकाळपर्यंत राहू लागला. तिचा चेहरा उतरला, चपला ढिल्या झाल्या, आणि दुकानाच्या मालकिणीने मला बोलावून विचारलं, "मुलीला घरी काही त्रास आहे का?" त्रास घरात नाही, गॅरेजमध्ये आहे, असं कसं सांगणार?

गॅरेजला कुलूप लावलं. ती कुलपाशी बसू लागली. गाडी विकतो म्हटलं, तर शांतपणे म्हणाली, "जिथे जाईल तिथे खोली घेईन." एक संग्राहक आहेत, दालनात दोरी बांधून जुन्या मोटारी मांडून ठेवतात. ते गाडी ओढून न्यायला तयार होते. पण ती जागा रिकामी असताना गाडी कुठेही नेली, तरी दोरी ओलांडायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा मधल्या रांगेतली डावी जागा मी घेत आहे. ती आजपासून माझी, आणि माझ्या पश्चातही माझीच. डॉक्टरांच्या हिशेबाने मला फार ताटकळावं लागणार नाही. मी गेल्यावर गाडी आहे तशी, आतल्या मंडळींसकट, संग्राहकांना द्यावी. तसा करार झाला आहे. भरलेली गाडी कोणासाठी थांबत नाही.

६. हे कलम मी त्या जागेवर बसून लिहीत आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. चामडं गार आहे. उजव्या कोपराला काहीतरी सारखं लागतं. भावाला पहिल्यापासून हातपाय पसरून बसायची सवय.

आत्ता टिटवी आली होती. गाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, ऊठ. ती माझी जागा आहे."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

मी शेजारी बघितलं नाही. म्हटलं, "त्यालाच विचार, लहानपणी जागेवरून मारामारी झाली की कोण जिंकायचं."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू, म्हणतायत."

"मग झालं तर. जा, जेवून घे."

"तू नाही येणार जेवायला?"

"येतो की. जागा कुठे पळून जात नाही आता."

तिने दोन्ही हातांनी गाडीचं दार बाहेरून लावलं, खिट्टी बसली का ते ओढून पाहिलं आणि घरात गेली. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. ती ताट वाढून घेते आहे. माझ्यावर तिचा राग राहील, आणि तोही मी तिच्याच नावे करतो. सांभाळून वापरला तर बरीच वर्षं पुरेल.

हे सर्व वाचून, बरोबर आहे अशी खात्री करून सही करत आहे.

(सही) मृत्युपत्र करणार
ठिकाण: घरामागचं गॅरेज, मधली रांग, डावी जागा
दिनांक: ९ नोव्हेंबर, दुपारी

साक्षीदार:
वर सही करणाऱ्यांनी आम्हां दोघांच्या समक्ष, गाडीत बसून सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष केली.

(सही) कुटुंबाचे डॉक्टर. नाडी मंद, शुद्ध पूर्ण.

(सही) दंतवैद्य. मी पुढच्या जागेवर बसून सही केली. मागे जागा नव्हती.