काळ्या खांबाची वेळ

२४ ऑगस्ट १९५०, गालसोम बेट

पोचलो एकदाचा, आणि जागा पाहून जीव हरखला. टेकाडावर दोन खोल्यांचं दगडी घर, जपान्यांच्या वेळचं. एका खिडकीतून इंचॉनचं बंदर दिसतं, दुसरीतून नुसतं पाणी. दारापासून खाली एक्केचाळीस पायऱ्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीशी पाणी मोजायची पट्टी. बंदरात सहा वर्षं मी हेच केलं, भरती-ओहोटीच्या वेळा काढायच्या आणि तक्ते लिहायचे. जुलैच्या सुरुवातीला उत्तरेकडचं सैन्य शहरात शिरलं तेव्हापासून वाटत होतं, आता माझ्याही हातात बंदूक देऊन दक्षिणेला, नाकडोंग नदीच्या आघाडीवर मरायला धाडतील. माझ्या बाकावरच्या चौघांना धाडलंच. मला तक्ता येतो म्हणून मी इथे.

स्वयंपाकाला बेटावरचीच एक विधवा बाई आहे, चाळिशीची. नाव सोप्सोप, म्हणजे हिरमोड. घरातली सहावी मुलगी, म्हणून बापाने हे ठेवलं म्हणे. हसत हसत म्हणाली, मास्तर, माझ्या हातचं जेवण तरी नावासारखं नाही हं. खरंच नव्हतं. जवाचा भात, शिंपल्यांचं सोयाबीनच्या वाटणातलं कालवण, कोवळ्या मुळ्याची आंबवलेली किमची. दोनदा मागून घेतलं. मी तिला मावशी म्हणायचं ठरवलं.

ठाण्याचे प्रमुख कप्तान ह्वांगबो. हाताखाली अकरा शिपाई. हळू आवाजात बोलतात, नखं स्वच्छ. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. माझं अक्षर पाहून खूश झाले.

२७ ऑगस्ट

कप्तानांना रोज एक जादा आकडा हवा असतो. ओहोटीला इथला समुद्र कोसभर मागे जातो आणि नुसतं खाजण उरतं, मांडीएवढ्या चिखलाचं. त्या खाजणात, पायऱ्यांच्या समोर, तीन काळे लाकडी खांब आहेत. पाणी मधल्या खांबाच्या बुडाशी कधी लागतं आणि माथ्यापर्यंत कधी चढतं, या दोन वेळा त्यांना हव्या आहेत. होड्या बांधायच्या असतील. मी तक्त्यात लाल शाईची वेगळी ओळ आखली. कॉम्रेड मा सोक-जे, तुमच्या हातात घड्याळ आहे, असं ते म्हणाले. बरं वाटलं.

२९ ऑगस्ट

कप्तानांनी दुपारी मला पायऱ्यांवर बोलावलं. खरबूज कापून ठेवलं होतं. बसा म्हणाले, तुमचं काम बघा.

तिन्ही खांबांना माणसं बांधलेली होती. शहरातून फितूर म्हणून आणलेली. एक म्हातारा होता, टोपीवरून गिरणीवाला वाटला. पाणी इतकं सावकाश येत होतं की आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. कप्तान म्हणाले, सरकारची एक गोळीसुद्धा खर्ची पडत नाही. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या हातात खरबुजाची फोड ठेवली. मी ती खाल्ली. हे लिहायला नको होतं, पण खाल्ली.

माथ्यावरून पाणी गेल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि न रागावता सांगितलं, चार मिनिटं चुकलात, कॉम्रेड. उद्या दुरुस्त करा.

३० ऑगस्ट

दुरुस्त केलं.

२ सप्टेंबर

आतापर्यंत नऊ जण झाले. शिपाई ओहोटीला खांबांकडे जातात तेव्हा दोर जसेच्या तसे असतात, गाठी शाबूत. माणसं नसतात. शिपाई म्हणतात, प्रवाहाने ओढली असतील. गाठ न सुटता कशी ओढली जातील, हे कोणी विचारत नाही.

आज सकाळी पट्टी वाचायला उतरलो. खालून वर, दारापासून मोजून बाराव्या पायरीपर्यंत, चिखलाची पावलं उमटली होती. अनवाणी. पुष्कळ. काल पाणी बाराव्याच पायरीपर्यंत चढलं होतं. पावलं वर आली होती, परत गेलेली नव्हती. मावशीला विचारलं, खाजणातून शिंपल्या काढणाऱ्या बायका इकडून वर येतात का? ती म्हणाली, मास्तर, त्या बाजूला आता कोण मरायला जातंय? मग तिने पायऱ्या धुतल्या. धुताना गुणगुणली नाही. एरवी गुणगुणते.

६ सप्टेंबर

भांगाची भरती, पंधरवड्यातली सगळ्यात कमी पाण्याची. पाणी विसाव्या पायरीवरच थांबतं. पावलंही तिथेच थांबतात. चार दिवस झोप चांगली लागली. माणूस कशाची सवय करून घेईल, सांगता येत नाही. मावशीने आज सुकवलेला मासा भाजला आणि म्हणाली, गाल भरले तुमचे, आता कोणीतरी मुलगी देईल.

८ सप्टेंबर

कप्तानांनी नकाशा पसरून विचारलं, शत्रूची मोठी जहाजं हे खाजण ओलांडून बंदराच्या भिंतीला लागू शकतील, असा दिवस कुठला? एवढं पाणी कधी असेल?

मला उत्तर तोंडपाठ होतं. पंधरा सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटं. वर्षातलं मोठं उधाण, त्या दिवशी पाणी दारापासून सहाव्या पायरीला लागेल. मी म्हणालो, ऑक्टोबरची अकरा तारीख. त्याआधी शक्य नाही.

शौर्य वगैरे काही नव्हतं. कोणीतरी यावं आणि हे सगळं संपवावं, एवढंच वाटलं.

९ सप्टेंबर

कप्तानांनी जेवताना मावशीलाही तेच विचारलं, सहज, गंमत म्हणून. ती बिचारी भात वाढता वाढता बोलून गेली. म्हणाली, त्यात काय, आठव्या चांद्रमहिन्याची चौथ, म्हणजे आणखी सहा दिवसांनी. त्या दिवशी समुद्र घरापर्यंत येतो, आमची आई आम्हाला घराबाहेर पडू द्यायची नाही.

कप्तानांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडून निघालं, ही बाई परवा कड्यावर आरसा घेऊन उभी होती, समुद्राकडे तोंड करून, शत्रूच्या जहाजांना खुणा करत.

तिच्याकडे आरसा नाही. तिच्या झोपडीत भांडीसुद्धा तीनच आहेत. तिने माझा वाडगा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, मास्तर, तुमचा भात निवतोय.

१० सप्टेंबर

दिवसभर विमानं. बंदराच्या तोंडाशी असलेल्या समोरच्या बेटावर आगीचा पाऊस पडला, पाईनचं सगळं रान पेटलं. धुराने घसा बंद झाला. जेवण कोणी केलं नाही. करणारी कोठडीत आहे. एकदा वाटलं, जाऊन सांगावं. कोठडीच्या दारापर्यंत गेलोही. आतून तिने विचारलं, कोण आहे, मास्तर का? मी परत फिरलो.

११ सप्टेंबर

कप्तानांनी लाल ओळ मागितली. मी लिहिली. बुडाशी अकरा पन्नास. माथ्याशी एक सोळा.

ती ओरडली नाही. बाकीचे ओरडतात. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तिने पायऱ्यांकडे, माझ्याकडे मान वळवली आणि तशीच ठेवली.

एक मिनिटही चुकलो नव्हतो.

१२ सप्टेंबर

दहावी पायरी. इतर पावलांच्या पुढे एक जोडी, लहान. डाव्या पावलाला करंगळी नाही. तिची करंगळी एका हिवाळ्यात थंडीने गेली होती, मला पाय दाखवून तिनेच सांगितलं होतं.

धुतली पायरी. स्वतः. चिखल ऊन होता.

१३ सप्टेंबर

क्षितिजावर युद्धनौका. तोफा सकाळपासून. आठवी पायरी.

कप्तान दारू पिऊन आले आणि माझ्या चटईवर बसून हसायला लागले. म्हणाले, ती बाई खरं सांगत होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. वीस वर्षं मुलांची खोटी गणितं तपासली आहेत मी. पंधरा तारीख मी त्याच रात्री वर कळवली. वरून उत्तर आलं की चिखलात कोण उतरतं, डोकं तपासून घ्या.

मी विचारलं, मग तिला का—

ते म्हणाले, एकाला तरी बांधणं भाग होतं, शिपायांसमोर प्रश्न निघाला होता. स्वयंपाकीण दुसरी मिळते. मिनिटं काढणारा मिळत नाही. आणि नाव तर तुम्हीच दिलंत, कॉम्रेड. मी फक्त विचारलं होतं.

माझ्या खोटेपणाने काहीच अडलं नाही. काहीच घडलं नाही. ती मात्र मेली.

१४ सप्टेंबर

सातवी. धुतली नाही. धुवायला वाकलो तर पाण्याखालच्या पायरीवर—

नाही. सावली असेल.

चार शिपाई पळाले. तोफांनी खिडकीच्या काचा गेल्या. फळ्या ठोकल्या. एक फट ठेवली.

१५ सप्टेंबर, सकाळी

सहा वाजता समोरच्या बेटावर सैनिक उतरले. खरोखर उतरले. अर्ध्या तासात तिथे दुसरं निशाण. आमचे उरलेले शिपाई होडी घेऊन गेले, कप्तानांना न सांगता.

सुटलो बहुतेक. संध्याकाळच्या भरतीला उरलेली जहाजं येतील. पांढरं कापड काढून ठेवलं आहे.

दुपारी, एकच्या सुमारास

पूर्ण ओहोटी. कप्तान चालत निघाले खाजणातून, बंदराकडे. चिखल मांडीपर्यंत. खांबांच्या जवळ गेले आणि थांबले. मला वाटलं, दम लागला.

मग कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. मला हाका मारत होते, नाव घेऊन. पाणी तिथे नव्हतंच. कोसभर लांब होतं पाणी. चिखलातून हात वर आले. त्यांचे दोन मी ओळखले. बाकीचे—

मी दार लावलं.

पाच वाजता

बोटीच बोटी. फटीतून दिसतात, रांगेने, बंदराच्या भिंतीकडे. धूर, पाऊस. शिड्या घेऊन चढताहेत. लढाई फिरली. कापड हलवलं, कोणी पाहिलं नाही. सगळे पुढे गेले.

पाणी सहाव्या पायरीला. बरोबर पाच एकोणीसला. आता उतरेल.

पाच पस्तीस

चौथी पायरी. असं होत नाही. माझा आकडा चुकत नाही.

बंदराच्या भिंतीवर ओली रेघ दिसते. तिथे पाणी उतरतंय. समोरच्या बेटाशी उतरतंय. इथे नाही. फक्त इथे—

पाच पन्नास

उंबरठ्यावरून आत आलं. ऊन ऊन चिखल. टेबलावर बसलो आहे. बाहेर पाणी खिडकीच्या फळीला लागलंय. म्हणजे पुरुषभर आहे.

कोणीतरी दार ठोकतंय. माणसाचा आवाज, आपल्याच भाषेत, स्वच्छ. म्हणतोय, उघडा, बोटी आल्यात, सुटलात तुम्ही. सैनिकांबरोबर दुभाषे असतात. असतीलच. होडी लावून आले असतील. ओ दिली मी. ओरडून दिली.

आता म्हणतंय, मास्तर, उघडा ना.

बाहेर पुरुषभर पाणी आहे. ठोकणं दाराच्या खालच्या अंगाला आहे, अगदी जमिनीजवळ, आणि एकाच हाताचं नाही. अडसर वाकला. मी सांगतो आहे की माझ्याकडे आरसा होता, माझ्याकडे, तिच्याकडे नव्हता, मीच तो कड्यावर