भरीव हाड

३ फेब्रुवारी
आले एकदाची गंगाखेडला! सीटी स्कॅन सेंटर नवं कोरं, मशीन चालवायला मी, राहायची खोली त्याच्याच माडीवर. झाडलोट करणाऱ्या मनकर्णामावशींनी आल्या आल्या भाकरी-ठेचा दिला, वर लय वाळलाव म्हणाल्या. जीव लावणारी बाई आहे. बाकी सगळे नुसतं म्याडम, म्याडम. अप्पू म्हणणारी एकटी आई होती. तिला जाऊन वर्ष झालं.

८ फेब्रुवारी
राणीसावरगावच्या सुगंधाबाई आल्या. मेलेला नवरा कानात हाक मारायलाय म्हणे. कानामागच्या हाडात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. माझं डावं हाड तर पार भरीव. लहानपणी कान फुटायचा, त्या कानानं आजही ऐकू येत नाही. सुगंधाबाईंच्या हाडात एकच मोठी, गुळगुळीत पोकळी निघाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, जन्मजात असेल, असतो असा फरक. मावशींनी मात्र बाईंना दटावलं, की तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नये, बाहेरचं असलं तर तिसरी हाक मारत न्हाई. बाई म्हणाल्या, तीन मोजूनच दिली.

१५ फेब्रुवारी
सोनपेठचे भुजंगराव. तीच पोकळी, मापसुद्धा तेच. दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन सोबत होता, त्यात पोकळी नाहीच! कसलं आलंय जन्मजात? मुलगी रडत होती. त्यांनी आपल्या वारलेल्या आईच्या हाकेला ओ दिली, तेव्हापासून जिवंत माणसाचं काही ऐकू येत नाही म्हणाली. भुजंगराव मात्र हसत होते. फार सुखात होते.

२१ फेब्रुवारी
चार दिवस मावशी गावी. जेवताना कुणीतरी अप्पू म्हणालं.
डाव्या कानात.
ओ दिली नाही. घास तसाच हातात राहिला.

२४ फेब्रुवारी
मावशी आल्या. त्यांना स्कॅनचं बटण दाखवून स्वतःच मशीनवर झोपले. नियमात बसत नाही, कळतं मला.
हाड भरीव नाही. आत पोकळी — गुळगुळीत — तेच माप —
मावशी गळ्यातला ताईत काढून देत होत्या. मी घेतला नाही. का नाही घेतला?

२५ फेब्रुवारी
सकाळी दुसरी हाक. आईचाच आवाज, स्वयंपाकघरातून मारायची तसा.
मावशी दार वाजवतायत. म्याडम, म्याडम. ऐकू येतंय अजून. दार उघडायला हवं, उठायला —
तिसरी.
ठाऊक आहे मला, सगळं ठाऊक आहे. पण वर्षभर कुणी नावानं —
ओ, आई, मी इथं