सहा दहाचा आवाज

समाधान,

गाडी मी मारुंजीच्या गॅरेजवर नेतोय. आज गुरुवार, तुला सुट्टी, म्हणून उठवलं नाही. पोहे झाकून ठेवलेत.

गिअर बदलताना फट् आवाज येतो, तो गिअरबॉक्सचा नाही. गिअरबॉक्स खोलायला निघाला होतास, शहाणा! सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग जळलंय. गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की तिथून हवा आत शिरते आणि उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच पेटतं. पॅकिंग बदललं की आवाज बंद.

कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशीनपाशी माझे कान गेले, असं तू सगळ्यांना सांगतोस. बोलणं नीट ऐकू येत नाही, हे खरंय. पण मशीनचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावरही कळतो. सोसायटीच्या गेटजवळ स्पीडब्रेकरला तू गिअर बदलतोस, तेव्हा रोज सहा दहा झालेले असतात. वर येतोस सात वाजता आणि ओव्हरटाइम होता म्हणतोस. तेवढा वेळ खाली गाडीत एकटाच बसलेला असतोस. वर्षाली माहेरी गेल्यापासून हे चाललंय. तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

तो आवाज आला की मी दोन कप चहा टाकतो. माझाही तसाच ठेवतो. सातला गरम करून दोघांना घेतो.

उद्यापासून आवाज येणार नाही. चहा कधी टाकू, तेवढं सांग.

अप्पा