एक्स्पोझिशन म्हणजे भंडाफोड नव्हे

ता. १० जुलै १९११
शाळेच्या हजेरीवरचा माझा रिपोर्ट शाळाखात्याच्या कचेरीत परत मिळाला. मथळ्यातल्या एका शब्दाखाली तांबड्या शाईच्या दोन रेघा. एक्स्पोझिशन.
हेडक्लार्क गोविंदराव सगळ्या कारकुनांदेखत म्हणाले, "मास्तर, हजेरी का घटली एवढंच साहेबांनी विचारलं होतं. शाळेचा भंडाफोड करायला कुणी सांगितलं?"
म्हटलं, त्या शब्दाचा अर्थ तो नव्हे. विषय उलगडून, समजावून लिहिणं.
"एक्स्पोज म्हणजे उघडं पाडणं. इतकं इंग्रजी आम्हालाही येतं."
कारकून हसले. मी रिपोर्ट उचलून निघालो. घरी येईपर्यंत दात आवळलेले.

ता. ११
हायस्कुलातली थोरली डिक्शनरी पाहिली. स्पष्टीकरण, विवेचन. माझंच बरोबर. ओळ उतरवून गोविंदरावांपुढं ठेवली. त्यांनी न वाचताच कागद बाजूला सारला. म्हणजे अर्थ ठाऊक आहे! मुद्दाम चाललंय सगळं. एका मुसलमान मास्तरानं इंग्रजीत रिपोर्ट लिहावा, हेच मुळात...
जाऊ दे.

ता. १२
रिपोर्टाचा मराठी गोषवारा गोविंदरावांनी शाळेच्या गावी पाटलांकडं पाठवलाय. त्यात "भंडाफोड" हाच शब्द. पाटील शाळेत आले.
"मास्तर, गावाचं नाक कापलासा की. ह्यासाठी ठेवलंय व्हय तुमास्नी?"
काय लिहिलं होतं मी? गावकुसाबाहेरची अकरा पोरं पागोळ्यांखाली बसवली जातात, भिजली की घरी जातात, म्हणून हजेरी घटते. एवढंच. खोटं काय त्यात? पाटलांनाही खोटं म्हणवेना. एका शब्दावरच अडून बसले.

ता. १४
कचेरीनं लेखी खुलासा मागितलाय. शब्द मागं घेऊन माफी मागितली तर प्रकरण मिटेल, नाहीतर नोकरी जाईल. गोविंदरावांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं.
घरी जैनबला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "एक शब्दच हाय न्हवं? खोडा की. दुसरा लिवा."
ओरडलो तिच्यावर. तुला काय कळतंय म्हणालो. ती भाकरी थापत राहिली. ताट वाढल्यावर मात्र विचारलं, "पोरं पान्यात बसायची, तवा तुमी कुठं बसायचासा?"
"आत. खुर्चीवर."
जेवण गेलं नाही.

ता. १५
गोविंदरावांवरचा राग तसाच आहे. पण आता तो एकट्या त्यांच्यावर नाही.
रिपोर्ट पुन्हा वाचला. "बसवली जातात." कुणी बसवली? चार वर्षं त्या पोरांच्या पाट्या उंबऱ्यातून, लांबूनच तपासल्या मी. गावानं सांगायचीही वेळ आली नाही. आपणहून. वर पोरांना शिकवतो, कर्ता ओळखा, कर्म ओळखा. आणि स्वतःच्या वाक्यातला कर्ता गाळला.
समजावून लिहायला निघालो होतो म्हणे.

ता. १८
खुलासा दिला. मथळा तसाच ठेवला, अर्थ डिक्शनरीतल्या ओळीसकट लिहिला. माफी नाही. शेवटी एक वाक्य जास्तीचं: "सदर मुलांना आजवर बाहेर मीच बसवीत आलो."
गोविंदरावांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "हे कशाला? हे तर कुणी विचारलंच नव्हतं."
म्हटलं, असू द्या.
निकाल कधी लागेल ते सांगत नाहीत.

ता. १९
सकाळी अकरांपैकी सहाच आली होती. आत या म्हटलं. हलेनात. एका पोरीला धरून आणलं, तेव्हा बाकीची आली आणि भिंतीला चिकटून बसली. गावातली पाचसात पोरं दप्तर उचलून घरी पळाली. घटकाभरात पाटील दारात.
"कुनाचा हुकूम म्हनायचा ह्यो, मास्तर?"
"हुकूम अजून आलेला नाही."
"आल्यावर बगू," म्हणाले. पण गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभेच राहिले.
मी धडा पुढं सुरू केला. भिंतीजवळच्या पोरांच्या पाट्या हातात घेऊन तपासल्या.