शिवणीतली पट्टी

॥ श्री ॥

उद्यमबाग, बेळगाव
दि. २० नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप आक्कास,
नागेंद्रचा शि. सा. नमस्कार वि. वि.

भाऊबीजेला येणं झालं नाही, आधी कान पकडतो. प्रदर्शनाची धावपळ होती. तुला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून तुझा राग कागदावरच येतो, तो यावेळी दोन ओळींत आटप, कारण काम आलं आहे.

भरमू कंडक्टरच्या हाती पेटी पाठवली आहे. आत पाच शिकारी सुरे आहेत. नाव शिकारी, पण घेणारे सगळे हौशी आणि मळेवाले. प्रत्येकाच्या पट्ट्याची रुंदी आणि म्यान कमरेच्या कुठल्या बाजूला लटकवायचं ते आमच्या आरोहीनं चिठ्ठीवर लिहून त्या त्या सुऱ्याला बांधलं आहे. हरणाच्या शिंगासारखी मूठ दिसते ती लाकडाचीच आहे, पाण्यात जपून धर.

एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे की म्यानाला तंबाखूचा वास येतो. दाजी वखारीतून आले की त्यांना कातड्याजवळ बसू देऊ नकोस.

सोबत पेपरचं कात्रण आहे. प्रदर्शनात माझा सत्कार झाला. फोटो बरा आलाय. घरी सगळी मजेत आहेत. दाजींना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
नागेंद्र

॥ श्री ॥

निपाणी
दि. २७ नोव्हेंबर २०२३

चि. नागेंद्र यास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाच म्यानं पाठवली आहेत. वासाचं म्हणशील तर निपाणीत देवाच्या प्रसादालाही तंबाखूचा वास येतो, तेव्हा त्या गिऱ्हाइकाला सांग की म्यान नाकाला नाही, कमरेला बांधायचं असतं. तुझ्या दाजींना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले की लई शहाणी गिऱ्हाइकं हैत तुझ्या भावाची.

तिसऱ्या चिठ्ठीतला माणूस डावखुरा आणि चांगला जाडजूड दिसतो. त्याचं म्यान जरा तिरकं लटकेल असं केलं आहे, नाहीतर खाली बसताना मूठ पोटात रुतेल. तुझ्या गिऱ्हाइकांची तोंडं मी पाहिली नाहीत, पण कमरा मला सगळ्यांच्या ठाऊक आहेत. मुठीला प्लॅस्टिक गुंडाळून मगच ओलं कातडं वर दाबलं, दीड दिवस सावलीत वाळवलं. लाकूड कोरडं आहे, काळजी नको.

कात्रण वाचलं. फोटो चांगला आहे, पोट सुटलंय. खाली लिहिलंय की सुरा आणि म्यान दोन्ही तू स्वतःच्या हातानं बनवतोस. नागेंद्र, तुला साधा टाका घालता येत नाही. आप्पा आपल्या दोघांना आरी धरायला शिकवत होते तेव्हा तू बोट टोचून घेऊन पळालास तो थेट फौंड्रीत जाऊन थांबलास. शेतकऱ्यांच्या कोयत्यांची म्यानं मी शिवायची आणि बाजारात नाव आप्पांचं, हे तेव्हा मला गैर वाटलं नाही, कारण बायकांनी शिवायचं आणि पुरुषांनी विकायचं हीच घरची रीत होती. आता मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि मला गैर वाटतं. लपवून काय करू.

मला सत्कार नको. प्रत्येक सुऱ्याच्या खोक्यात एक छोटं कार्ड टाक, त्यावर एवढंच लिही की म्यान शिवणार अक्काताई, निपाणी. बाकी सगळं तुझंच राहू दे.

चि. आरोहीस गोड पापा. लोभ तर आहेच, त्यात थोडी आठवणही घाल.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

बेळगाव
दि. ९ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

म्यानं पोचली. जाडजूड डावखुऱ्याचा निरोप आलाय की बसताना काही रुतत नाही. त्याला तुझं नाव सांगायचं राहिलं.

तू कार्डाचं मनाला लावून घेतलंस. अगं, पेपरवाले आपल्या मनानं लिहितात, मी काय त्यांचा हात धरू. गिऱ्हाइकाला एकच नाव लक्षात राहतं. दोन नावं आली की त्याला वाटतं हा दलाल आहे.

पण एक मोठं काम आलं आहे. बेंगळुरूचा एक दुकानदार तीस सुरे घेतोय, तिसांची मापं घेऊनच. खोकी मी इथूनच थेट त्याच्या गिऱ्हाइकांना पाठवायची आहेत. त्याचं म्हणणं आपली म्यानं फोटोत जाड दिसतात, त्याला सडपातळ हवीत. तेव्हा शिवणीतली मधली पट्टी काढून टाक. दोनच पदर ठेव, म्यान निम्म्यानं बारीक होईल. तुझी मेहनतही वाचेल.

लगेच कळव. संक्रांतीच्या आत द्यायचं आहे. तुझ्या आशीर्वादावरच चाललं आहे.

तुझा,
नागेंद्र

॥ श्री ॥

निपाणी
दि. १४ डिसेंबर २०२३

चि. नागेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पट्टी काढता येणार नाही. तू सुऱ्यांचा कारागीर आहेस, तुला हे मी सांगावं याचंच नवल वाटतं. दोन पदरांच्या मध्ये पट्टी घालतो ती सुऱ्याच्या धारेसाठी. सुरा आत सरकताना धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत जात नाही. पट्टी नसली तर दर वेळी धार दोऱ्याला लागणार. पहिल्या दिवशी काही दिसायचं नाही. चार महिन्यांनी टाके कापले जातील आणि सुरा शिवणीतून बाहेर येईल, तो सरळ माणसाच्या मांडीत. आप्पांनी कोयत्याच्या म्यानातसुद्धा पट्टी कधी टाळली नाही.

नमुन्याला तीन म्यानं पाठवते. पट्टी आहे, पण कडा तासून, मेण लावून घासल्या आहेत. बारीक दिसतात. दुकानदाराला दाखव.

घरी सगळं ठीक. दाजींचा खोकला आहे तसा आहे. माझं बोलणं कडू लागलं तर लागू दे, माया कमी झालेली नाही.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

बेळगाव
दि. १८ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. नमस्कार.

घाईत लिहितो. नमुने त्याला पसंत नाहीत. पट्टी नकोच म्हणतो. हे लोक सुरा वर्षातून दोनदा कमरेला लावतात, तेही फोटोसाठी, दोरा कसा कापला जाईल? तू नाही म्हणालीस तर तो दुसरीकडे जाईल.

आणि कार्डाचं म्हणालीस, तर या तिसांत टाकतो. आरोहीला छापायला सांगितलं आहे. पांढऱ्या कार्डावर ठळक अक्षरांत, अक्काताई, निपाणी. आता तरी खूश हो आणि पट्टीशिवाय शिव.

तुझ्या होकाराची वाट बघणारा,
नागेंद्र

॥ श्री ॥

निपाणी
दि. ८ जानेवारी २०२४

चि. नागेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीस म्यानं तयार आहेत, पेटीत तिसांचे तीस सुरे त्यातच घालून पाठवते. तुला हवं तसं केलं. पट्टी नाही.

शिवताना दर म्यानाला हात थांबत होता. दाजी दोनदा म्हणाले की न्हाय पटत तर कशाला करतीस. मी त्यांना म्हटलं की नागेंद्र गिऱ्हाइकं ओळखतो. मला ते पटलं नव्हतं, तरी म्हटलं.

कार्ड छापलं असेल तर एक इकडे पाठव. मला बघायचं आहे. तिळगूळ घ्या, आणि मनात माझी जागा ठेवा.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

बेळगाव
दि. २२ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, राग मानू नकोस. ऊन फार आहे, दाजींना दुपारी बाहेर पडू देऊ नकोस.

त्या तीस सुऱ्यांपैकी एकाची थोडी तक्रार आली होती. मी निस्तरलं आहे, तू डोक्यात घेऊ नकोस. सध्या म्यानांचं काम जरा थांबवलं आहे. तुझंही आता वय झालं, डोळ्यांना ताण देऊ नये. कार्डांचं राहूनच गेलं, दुकानदार म्हणाला खोक्यात जास्तीचे कागद नकोत.

दिवाळीला नक्की येतो. तोवर पत्रातून आशीर्वाद देत राहा.

तुझा,
नागेंद्र

बेळगाव
दि. २६ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
आरोहीचा सा. न.

आत्या, हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. पेटीतून पाठवलं तर ते वाचतील, म्हणून पोस्टात टाकते. गिऱ्हाइकांचा सगळा पत्रव्यवहार मीच बघते, हे तुला माहीत आहे.

मडिकेरीजवळ पूवय्या म्हणून कॉफीच्या मळ्याचे मालक आहेत. त्यांनी कन्नडमध्ये पत्र पाठवलंय, सोबत फोटो. मळ्याचं कुंपण ओलांडताना म्यानाची शिवण उकलली आणि सुरा मांडीत गेला. चौदा टाके पडले. ते रोज सुरा कमरेला लावतात, मळ्यात वेली तोडायला. शिवी दिलेली नाही, पण विचारलंय की असं म्यान कोणी आणि कसं बनवलं.

बाबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. त्यात असं आहे की सुरा माझा आहे आणि तो निर्दोष आहे. म्यान माझी बहीण अक्काताई हिनं निपाणीत शिवलं होतं. ती अशिक्षित आहे, तिच्याकडून पट्टी घालायची राहिली. तिच्याकडून काम घेणं आम्ही बंद केलं आहे. खाली बाबांची सही.

मी त्यांना म्हटलं की पट्टी तुम्हीच काढायला लावली होती, मला ती पत्रं माहीत आहेत. बाबा म्हणाले की आक्काचं काय बिघडणाराय, ती घरातलीच हाय, धंदा बुडला तर सगळीच बुडू. मग मी पाठवून दिलं. ते मी टाइप केलं, म्हणून माझंही चुकलंच. कार्डं छापलीच नव्हती, आत्या. मला कधी सांगितलंच नव्हतं.

मला रागव, पण बोलणं बंद करू नकोस.

तुझी,
आरोही

निपाणी
दि. २ मे २०२४

चि. आरोहीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्यावर राग नाही.

एक काम कर. त्या तीस लोकांचे पत्ते तुझ्याकडे असतील. खाली लिहिलंय ते कन्नडमध्ये नीट करून सगळ्यांना पाठव, पूवय्यांना आधी. तुला भीती वाटली तर पत्ते मला दे, मी इथल्या शाळेच्या बाईंकडून लिहून घेईन.

मजकूर असा. तुमच्या सुऱ्याचं म्यान मी शिवलं आहे. त्यात मधली पट्टी नाही. ती नसली तर धोका आहे हे मला माहीत होतं, तरी मी शिवलं. ते कमरेला लावू नका. सुरा घरी ठेवा आणि नुसतं म्यान खालच्या पत्त्यावर पाठवा, नवं शिवून देईन. मापं माझ्याकडे आहेत. अक्काताई सुबराव, सातवी पास, निपाणी.

बाबांविषयी त्यात एक शब्द घालू नकोस. ते त्यांना वाचवायला नव्हे. ज्याची मांडी फाटली त्याला आपल्या घरातली भांडणं कशाला ऐकवायची.

माझ्या जवळची आहेस तशीच राहा.

आत्या

॥ श्री ॥

निपाणी
दि. ३ जून २०२४

नागेंद्र यास,

तुझं पंधरा मेचं पत्र मिळालं. आरोहीला घरात कोंडल्यासारखं ठेवलंस आणि तिचा मोबाइल काढून घेतलास असं कळलं. तिनं माझं काम केलं, रागवायचं तर माझ्यावर रागव. तू लिहितोस की मी जगाला पत्रं पाठवून तुझं नाव घालवलं. त्या पत्रात तुझं नाव कुठे आहे ते दाखव.

तू केलेलं सगळं मी विसरायला तयार होते. सत्कार, कात्रण, न छापलेली कार्डं. पण बारा वर्षं मी शिवलेल्या म्यानांवर तुला माझं नाव आठवलं नाही आणि एक शिवण फाटली तेव्हा ते गावासकट आठवलं, हे मला गिळता येत नाही. वर अशिक्षित. ज्या बहिणीनं तुझ्या पहिलीच्या पाटीवर तुझं नाव गिरवून घेतलं तिला.

माझीही चूक आहे आणि ती तुझ्यापेक्षा मोठी आहे. तुला दोरा कळत नाही, मला कळतो. एका कार्डासाठी मी पट्टी सोडली. आप्पा असते तर त्यांनी तुला काही म्हटलं नसतं, माझ्या हातातली आरी काढून घेतली असती. हे मी कोणाजवळ बोलत नाही, तुझ्याजवळ बोलते, कारण तुला ते समजायला हवं की मी तुला माफ करत नाही तशी स्वतःलाही करत नाही.

पूवय्यांचं उत्तर आलं. चालताना अजून दुखतं म्हणतात. त्यांनी म्यान परत पाठवलं, त्यावर वाळलेलं रक्त होतं. ते मी पाण्यात घातलं नाही, तसंच ठेवलं आहे. त्यांना नवं शिवून दिलं. त्यांनी घेतलं, पण पुन्हा काही लिहिलं नाही. लिहावं तरी का.

पेटीत तू काम थांबवण्याआधी पाठवलेले चार सुरे आहेत. ते उघडेच परत करते, कागदात गुंडाळून. यापुढे तुझ्या सुऱ्यांना मी शिवणार नाही. दुसरा कोणी शोध, आणि तो पट्टी घालतो का तेवढं बघून घे.

म्यानं यायला लागली आहेत. कालपर्यंत सतरा आली. नवा पोस्टमन आहे, त्याला घर माहीत नव्हतं. तो गल्लीत अक्काताई कोण म्हणून विचारत आला. या गल्लीत मी चौतीस वर्षं राहते, पण सगळ्यांना मी सुबरावची बायको म्हणूनच ठाऊक, शेजारच्या राजाबाईलासुद्धा आधी कळलं नाही कोणाला विचारतोय. मग तिनं बोट दाखवलं. सतरा पाकिटांवर माझं पूर्ण नाव आहे, अनोळखी माणसांच्या अक्षरात, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. आत प्रत्येकात माझ्या हातचं वाईट काम आहे. मी एकेक उसवायला बसले आहे.

लोभ होता. आता किती उरला ते तेरा म्यानं यायची राहिली आहेत, ती झाल्यावर बघेन.

अक्काताई