कालुदारीला मीच लावलेलं कुलूप

बंगळूर, शुक्रवार

तीर्थस्वरूप गिरिजक्कास चन्नबसवचे वाकून शरणु. मामांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तू पाठवलेली शेंगाचटणी पोचली, अर्धी बरणी संपलीही. (ती तू आपल्या त्या फोनच्या आधी पाठवली होतीस, हे कळतं मला. तरी खाल्ली.) तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचलू नयेस असंच मी वागलो आहे.

झालं ते मुळापासून सांगतो. क्लाउडमधली नेटवर्कं जोडणारी, सर्वांना फुकट खुली असलेली आमची हमरस्त्यासारखी संगणकप्रणाली 'हेद्दारी' आणि तिचं नाव लावून नांदणारे तेरा छोटे प्रकल्प. त्यातल्या कुणाला धनी आहे आणि कोण बेवारस, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय, समितीत मी उभा राहिलो. चाळीस मिनिटं बोललो. (रोमन सिनेटपासून बसवण्णांच्या कल्याणपर्यंत कुणालाही सोडलं नाही.) नियम मांडला: प्रत्येक प्रकल्पाच्या जबाबदार माणसाला नोटीस जाईल, महिन्यात उत्तर नाही तर प्रकल्प बाहेर; आणि सहा महिन्यांत ज्याने कामाला हात लावला नाही तो सभासद नाही. भाषण म्हणजे काम नव्हे, हे कलमही मीच घातलं, कारण टाळ्या पडतील असं वाटलं. आपली रीत तुला माहीत आहे: ठराव आठवडाभर सभासदांच्या ईमेल-यादीवर पडून राहतो, कुणी बोललं नाही तर मंजूर. कुणीच बोललं नाही. मी तो माझ्या वाणीचा प्रभाव समजलो. (त्या आठवड्यात उगादी होती. सगळे गावी गेले होते.)

पहिली बाहेर गेली ती 'कालुदारी'. नावाप्रमाणे पायवाटच ती, कमजोर लाइनवरच्या जुन्या नेटवर्कांना हेद्दारीला आणून जोडणारी. तिच्या नोटिशीला उत्तर आलं नाही. मी पुन्हा बोललो, की एक जरी जिवंत माणूस तिथे असता तर त्याने ओ दिली असती. त्याच संध्याकाळी तुझा फोन. "काय रे तम्मा, कालुदारी का काढली?" मला वाटलं, तुझी अकरा तालुका वाचनालयं तिच्यावर चालतात म्हणून विचारतेस. मी तुला मेलेल्या प्रकल्पांवर पाव तास ऐकवलं. "बोलून झालं का? दूध उतू जातंय, ठेवते," एवढंच तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी बाय-टू कॉफी दोन पेल्यांत ओतता ओतता आमच्या समितीच्या चिटणिसाने, बळ्ळारीच्या भरमप्पाने विचारलं, "सर, नोटीस गेली कुणाला, बघितलंत?" बघितली. मला गेली होती. नऊ वर्षांपूर्वी कालुदारीच्या उद्घाटनाचं भाषण करून जबाबदार म्हणून मीच नाव दिलं होतं, आणि "अक्का, दोन दिवस बघशील?" म्हणून काम तुझ्याकडे टाकून निघून गेलो होतो. नोटिशी येतात त्या परस्पर मेलच्या एका न उघडायच्या कप्प्यात जाव्यात अशी सोयही मीच केलेली. म्हणजे मी मला लिहिलं आणि मी मला उत्तर दिलं नाही.

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे, अक्का. कालुदारीत दोनशे बारा दुरुस्त्या 'गि. हि.' या सहीने आहेत. त्या सगळ्या माझ्या नजरेखालून गेल्या होत्या. कधी चुकत नाही, वाद घालत नाही, आभाराची वाट बघत नाही, म्हणून मी त्या सहीला आपोआप चालणारं यंत्र समजलो होतो. तुला, गिरिजा हिरेमठला.

पंधरा तारखेला नवी आवृत्ती निघेल. तीत कालुदारी नसली तर तुझी अकरा वाचनालयं तुटतील. माझ्याकडे सबब नाही.

तुझा,
चन्नबसव

ता. क. कालुदारी परत घ्यावी असा ठराव मी लिहिला होता. भरमप्पाने तो परत पाठवला. गेल्या चार वर्षांत मी एक ओळ दुरुस्त केलेली नाही, त्यामुळे माझ्याच नियमाने मी सभासद नाही. तू आहेस. तेव्हा हे पत्र मिळताच ठराव तूच मांड, म्हणजे पंधराच्या आत मंजूर होईल. आणि जबाबदार म्हणून तिथे माझं नाव आहे ते खोडून तुझं घाल. जमलं तर खाली मलाही घे, तुझ्या हाताखाली. चाचण्या कशा चालवतात तेवढं एकदा दाखवावं लागेल.

ता. क. २. तुझा ठराव आठवडाभर यादीवर पडून राहील. त्या आठवड्यात मी एक शब्द बोलणार नाही. कालुदारीसाठी माझ्या हातून झालेलं ते पहिलंच काम असेल.